नदीचा अडथळा आणि महामार्गाचा अडथळा एक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जंगलातून महामार्ग, कालवा किंवा लोहमार्ग नेण्याचा प्रश्न आला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो : नद्याही प्राण्यांची वाट अडवतातच, मग आणखी एका अडथळ्याने काय बिघडते? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद जनुकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

नद्या प्राण्यांची विभागणी करतात, हे खरेच आहे. काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी आढळतात, तर दक्षिणेला त्यांचेच जवळचे भाईबंद असलेले बोनोबो वानर. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मोठ्या नद्यांच्या दोन काठांवर माकडांच्या वेगवेगळ्या जाती असतात, हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५२ मध्येच मांडले होते. मात्र उगमाकडे, जिथे पात्र अरुंद होते, तिथे ही सीमा पुसट होते, हेही त्यांनीच नोंदवले. शिवाय नदी पात्र बदलते, एखादे वळण तुटते आणि एका काठाची जमीन तिथल्या जिवांसह दुसऱ्या काठाला जाऊन मिळते. मुख्य म्हणजे अशा नदीच्या दोन्ही बाजूंना विस्तीर्ण अधिवास आणि मोठी संख्या शिल्लक असते.

महामार्ग आणि त्यालगतची वस्ती अधिवासाचे लहान तुकडे पाडतात, आणि खरा धोका या तुकड्यांच्या लहान आकारात आहे. प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणारे प्राणी पंचवीसच उरले, तर दर पिढीला सुमारे दोन टक्के जनुकीय वैविध्य निव्वळ योगायोगाने गळून जाते, असे गणित सांगते. अमेरिकेतील फ्लोरिडातील पँथर (हे बिबटे नव्हेत, प्यूमा) वीस-तीसपर्यंत घटले तेव्हा त्यांच्या शेपट्या टोकाशी मुरडलेल्या दिसू लागल्या, हृदयात दोष आढळले आणि नरांचे वृषण खाली उतरेनासे झाले. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्यावरच ही घसरण थांबली. ओडिशातील सिमिलिपाल येथील काळसर पट्ट्यांचे वाघ पर्यटकांना अप्रूप वाटतात, पण इतरत्र अतिदुर्मीळ असलेले ते जनुकीय रूप तिथे इतके वाढण्यामागे त्या वाघांचे एकाकीपणच आहे.

यावर प्राण्यांसाठी रस्त्याखालून भुयारी मार्ग हा उपाय सांगितला जातो आणि तो आवश्यकच आहे. परंतु त्याचे यश कॅमेऱ्यात टिपलेल्या छायाचित्रांवरून मोजणे मला अपुरे वाटते. लॉस एंजेलिसजवळच्या एका महामार्गाच्या अभ्यासात बॉबकॅट (एक रानमांजर) आणि कोयोट (कोल्ह्यासारखा प्राणी) रस्ता ओलांडताना आढळले, तरीही दोन्ही बाजूंच्या प्राण्यांत जनुकीय अंतर पडलेलेच होते. रस्त्याच्या कडेला इतरांच्या हद्दी दाटीवाटीने वसलेल्या असतात. पलीकडे पोहोचलेल्या प्राण्याला तिथे जागा आणि जोडीदार क्वचितच मिळतो. प्राणी गेला, जनुके गेली नाहीत.



म्हणून प्रकल्प सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या प्राण्यांची विष्ठा आणि केस गोळा करून त्यांतील डीएनएची नोंद व्हावी. जनुकीय परिणाम काही पिढ्या उलटल्यावरच स्पष्ट होत असल्याने हीच तपासणी बांधकामानंतरही ठरावीक काळाने होत राहावी. ही अट परवानगीतच घालावी आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा.

आपला,
एक नियमित वाचक