निशाण का पडू द्यायचं नाही

बॉस्टन,
१४ मार्च

ती. आबांना शि. सा. नमस्कार.

बंदूक टाकून निशाण उचलणाऱ्याला एवढं मोठं पदक कशाला, आणि त्यानं मारले किती, असं तुम्ही विचारलंत. प्रश्न हवालदाराला शोभणारा आहे. फोनवर उत्तर नीट जमेना, म्हणून लिहितोय.

माणसाचं नाव विल्यम कार्नी. १८४० साली व्हर्जिनियात नॉरफोकला गुलामीत जन्मला, पुढे इथल्या न्यू बेडफर्ड गावी आला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या बाजूनं, १८६३ला काळ्या शिपायांची ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण उभी राहिली. तिच्या सी कंपनीत तो सार्जंट होता.

त्या वेळची बंदुकीची दारू काळी, धूर करणारी. दोन-तीन फैरी झडल्या की शेजारचा दिसत नाही, हुकूम ऐकू येत नाही. मग रांग धरायची ती निशाणाकडे बघून. ते पुढे तर आपण पुढे. कापड साडेसहा फूट लांब, सहा फूट रुंद, काठी दहा फुटांना दोन इंच कमी. वारा भरला की दोन्ही हात त्यातच गुंततात, म्हणून निशाणवाल्याकडे बंदूक नाही, राखणीला कॉर्पोरल. समोरच्यालाही हे ठाऊक असतं. तो आधी त्यालाच टिपतो.

१८ जुलै १८६३. दक्षिण कॅरोलायनात चार्ल्स्टनच्या बंदराशी मॉरिस बेटावर फोर्ट वॅग्नर हा दक्षिणेच्या फौजेचा किल्ला होता, वाळूचा. दिवसभर तोफा डागल्या, पण दगडी तट फुटतो, वाळू गोळे गिळते. आतली फौज वाळूखालच्या भक्कम कोठारांत बसून राहिली आणि तोफा थांबताच तटावर आली. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे दलदल. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून, अंधार पडता पडता, ही पलटण सगळ्यांच्या पुढे. माझ्या मते चूक इथेच झाली: तोफांनी काम केलं असं धरून चालले. सुमारे ६०० जणांतले अडीचशेहून जास्त मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत. पलटणीचा प्रमुख कर्नल शॉ तटावरच मारला गेला.

निशाणवाला कोसळला तेव्हा कार्नीनं बंदूक फेकली, निशाण घेतलं आणि तटापर्यंत नेलं. माघारीत कापड काठीला गुंडाळून पाण्याचा खंदक ओलांडला. पायासकट अनेक ठिकाणी गोळ्या लागल्या. आपल्या माणसांत पोचल्यावर त्याचं म्हणणं एवढंच, की निशाण जमिनीला टेकलं नाही.

पगाराचं ऐका. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. पलटणीनं पगारच नाकारला. फरक आम्ही भरतो म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्य पुढे आलं, तेही नको म्हणाले. जून १८६४मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, समान पगाराचा कायदा केला. जखमांमुळे कार्नीला त्याच महिन्यात सेवेतून मोकळं केलं.

मेडल ऑफ ऑनर, म्हणजे इथलं सर्वोच्च लष्करी पदक, मिळालं २३ मे १९००ला, म्हणजे ३७ वर्षांनी. पदक मिळालेला पहिला काळा माणूस तोच, असं बरेच जण लिहितात, ते चूक. त्याच्याआधी इतरांना मिळालं होतं, फक्त त्यांची कामगिरी त्याच्या नंतरची.

आणि मधली वर्षं? न्यू बेडफर्डला टपाल वाटलं, तीसेक वर्षं, त्याच गोळी लागलेल्या पायानं. शेवटी इथल्या स्टेट हाऊसमध्ये निरोप्या झाला, आणि १९०८ला तिथल्याच लिफ्टमध्ये पाय चिरडून गेला. त्याच्या पलटणीचं शिल्प स्टेट हाऊससमोरच, रस्ता ओलांडला की. याल तेव्हा दाखवतो. जिने चढावे लागत नाहीत.

आजीला नमस्कार.

तुमचा,
नातू