कपाटातला कागद

सांगली, बुधवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू रविवारी गेलीस आणि सोमवारी तुझे इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवताना लॅबचा कागद सापडला. मुद्दाम शोधला नाही, उघडाच होता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेपुढे (एचबीए१सी) ५.९ टक्के. आई म्हणाली, लगेच फोन करू नका, पोरगी कामात असेल. म्हणून लिहायला बसलो.

५.९ म्हणजे आजार नव्हे, हे मला कळतं. ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. पण तू २९ वर्षांची आहेस आणि साखरेने नानांच्या अंगठ्याचं काय झालं ते तू पाहिलं आहेस. बस, याच्यावर आता लिहीत नाही.

काल तपासणीला गेलो तेव्हा तुझं नाव न घेता डॉक्टरांना कॉफीचं विचारलं. मला वाटलं होतं, बंदच करा म्हणतील. तसं नाही म्हणे. वर्षानुवर्षं कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह उलट कमी दिसतो आणि कॅफिन काढलेली कॉफी पिणाऱ्यांतही तसंच दिसतं. म्हणजे तो गुण एकट्या कॅफिनचा नसावा. नुसतं कॅफिन पोटात गेलं की काही तास इन्सुलिनचं काम उलट मंदावतं. आणि घेतलेल्यातलं निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. तू रात्री एकला मग भरतेस आणि सहाला अंथरुणावर पडतेस, तेव्हा निम्मी कॉफी अंगात जागीच असते. मग झोप कशी लागणार? आणि झोप तुटली की साखर चढते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये धडधाकट माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालेल असं सांगितलंय. तुझ्या त्या मोठ्या मगात ९०-१०० तरी असेल. पाच मग होतात, मी मोजले. शिवाय प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४०-५० ग्रॅम नुसती कॉफीतून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरची साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली उत्तम. पुन्हा साखरेवरच आलो. तुला हे सगळं माहीत असणार, बापाने हिशेब मांडावा असं तुझं वय नाही. रागावू नकोस.

पण मनू, आजीला चहा देताना तुझ्या हातातला कप बशीत वाजत होता. आजीला ऐकू येत नाही, मला येतं.

रातराणीवर होतो तेव्हा कराडला एक, साताऱ्याला एक, खंबाटकी उतरल्यावर एक, पुण्याला दोन असे कप व्हायचे. पन्नास माणसं मागे झोपलेली, डोळा लागून चालणार नव्हतं. चहाने मला जागं ठेवलं, तुझी फी त्याच नोकरीतून गेली, त्याचं वाईट वाटत नाही. दिवसा मात्र मी कधी पुरता झोपलो नाही, आणि ४७व्या वर्षी गोळी सुरू झाली. सकाळी घरी आलो की तू निळ्या थर्मासशी येऊन उभी राहायचीस. तळाचे दोन घोट मी झाकणात ओतून द्यायचो. आई ओरडायची, आणि आपण दोघं हसायचो. सोमवारपासून ते झाकण डोळ्यांपुढून हलत नाही.

तू टीमची लीड झालीस हे मी डेपोतल्या जुन्या सगळ्यांना सांगितलंय. रात्रपाळी सोड असं म्हणणार नाही. एवढंच कर, शेवटचा मग अकराच्या आत घे. साखर आधी एक चमचा कर, मग अर्धा. एकदम बंद मात्र करू नकोस. कराडला दवाखान्यात होतो तेव्हा माझा चहा तोडला, आणि दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं की डोळे उघडवेनात. आठवड्याला एक मग कमी केलास तरी पुरे. आणि खोलीला जाड पडदे लाव, आईने शिवायला घेतलेत.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासशील तेव्हा मी पुण्याला येतो. बाहेर बाकावर बसेन, काही बोलणार नाही. या तपासणीला उपाशी जावं लागत नाही, घरून पोहे खाऊन निघू.

तुझा,
बाबा