मित्रास पत्र: वाघ्या कुत्र्याचा टिक फीवर आणि हातातले पाच हजार

प्रिय विन्या,

तुझा निरोप आणि फोटो दोन्ही मिळाले. वाघ्या दोन दिवस जेवत नाही, मरगळून पडून आहे, काल शिंकताना नाकातून रक्त आलं आणि कानामागे गोचिडी दिसतायत. एवढ्यावरून मुंबईतला कुठलाही डॉक्टर आधी टिक फीवरच, म्हणजे गोचिडीतून होणारा आजारच म्हणेल, आणि बहुधा बरोबर म्हणेल. पण त्या 'बहुधा'च्या भरवशावर महिनाभराचं औषध सुरू करू नकोस. दवाखान्याने ॲडमिट करायचे पंधरा हजार सांगितलेत, तुझ्या हातात पाच आहेत. हे पाच कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, तेवढंच लिहितो.

आधी हिरड्या बघ. वरचा ओठ उचल, गुलाबी हिरडी अंगठ्याने दाबून सोड. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. वाघ्यासारख्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात. तसं असेल तर डोळ्याची खालची पापणी हलकेच खाली ओढून आतला रंग बघ. हिरडी परत गुलाबी व्हायला जास्त वेळ लागला, हिरडी किंवा पापणी आतून पांढरीफटक दिसली, पडून असतानाही धाप लागत असेल, नाकातलं रक्त थांबत नसेल, शी डांबरासारखी काळी असेल किंवा दिवसभरात लघवीच झाली नसेल, तर पुढचं वाचत बसू नकोस. जो दवाखाना उघडा असेल तिथे ने. तसं काही नसेल तर सकाळपर्यंत थांबता येईल. रात्रीची फी वेगळी आणि जास्त असते, आणि रात्री बहुतेक ठिकाणी रक्ताची तपासणी होतही नाही, नुसतं सलाइन लागतं.

तोवर ताप मोज. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, फक्त तो नंतर घरच्यांसाठी वापरू नका. टोकाला व्हॅसलीन लाव आणि शेपटीखाली इंचभर आत सरकव. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०२ बघून घाबरू नकोस. १०३.५च्या वर गेलं तर ताप. ताप आहे म्हणून क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन यातलं काहीही देऊ नकोस, अर्धी गोळीसुद्धा नाही. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने पोटात व्रण होऊन रक्त जातं, आणि वाघ्याचं रक्त आधीच धड गोठत नाहीये. पॅरासिटामॉलने यकृत जातं. नाकातून पुन्हा रक्त आलं तर त्याला शांत बसव आणि रुमालात गुंडाळलेला बर्फ नाकाच्या वरच्या भागावर धर.

त्याचं वजनही करून ठेव. तू त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहा, मग एकटा उभा राहा, वजाबाकी कर. औषधाचं सगळं गणित या आकड्यावर आहे, आणि गर्दीच्या ओपीडीत वजन कित्येकदा नजरेनेच ठरवतात.

सकाळी परळला ने. बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, म्हणजे आपलं बैलघोडा. १८८३ पासून चालू आहे, धर्मादाय आहे आणि पशुवैद्यकीय कॉलेज त्याच आवारात आहे. भांडुपहून रिक्षा सायनपर्यंतच येईल, पुढे टॅक्सी करावी लागेल. कुत्रा बघून टॅक्सीवाले काच वर करतात, म्हणून जुनी चादर आधीच हातात दिसू दे, सीटवर अंथरतो म्हणून सांग. साखळी, तोंडाचं मुसकं, पाण्याची बाटली आणि आधीचे कागद असतील ते घे. मुसकं फक्त तपासणीपुरतं बांध. उलटी होत असेल किंवा धाप लागत असेल तर अजिबात नको. लवकर पोच, केसपेपर काढ आणि थांबायची तयारी ठेव. गर्दी असते, शिकाऊ डॉक्टर आधी विचारपूस करतात, मग मोठे बघतात. लोक यालाच कंटाळून निघून जातात. मला विचारशील तर दोनदा तपासलं जातं हा फायदाच आहे. बाकांजवळ दुसऱ्या कुत्र्यांच्या उलटी-जुलाबापासून त्याला लांब ठेव.

आता खरा खर्च, रक्ताची तपासणी. दोन गोष्टी मागायच्या: प्लेटलेटसह (रक्त गोठायला लागतात त्या पेशी) सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. दोन्ही का? कुत्र्याच्या प्लेटलेट नळीत एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, मशीनला त्या दिसत नाहीत आणि रिपोर्टवर आकडा भलताच कमी येतो. वीस हजार वाचून माणूस हादरतो आणि रक्त चढवायच्या मागे लागतो. स्मिअर बघणारा सांगतो की खरोखर कमी आहेत की गुठळ्या आहेत. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. आपोआप रक्तस्राव व्हायची भीती पन्नास हजारांच्या खाली सुरू होते. स्मिअरसाठी एक थेंब कानाच्या टोकाचा घ्यायची विनंती कर, कारण बबेसियाचे (हा काय ते पुढे सांगतो) जंतू तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत जास्त सापडतात.

हे बबेसियाचं लक्षात ठेव, पैसे वाया जाण्याची मोठी जागा हीच आहे. आपण ज्याला सरसकट टिक फीवर म्हणतो ते दोन वेगळे आजार असू शकतात. एर्लिकियात मुख्यतः प्लेटलेट पडतात आणि तो डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने बरा होतो. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. तो एकट्या डॉक्सीसायक्लिनने जात नाही, त्याला वेगळी औषधं लागतात आणि त्यातली काही महाग आहेत. एकच गोचीड दोन्ही देऊ शकते. डॉक्सी सुरू करून तीन-चार दिवस झाले तरी कुत्रा उठत नसेल आणि हिरड्या आणखी फिक्या होत असतील, तर आणखी आठवडाभर वाट बघण्यात अर्थ नाही, हिमोग्लोबिन पुन्हा बघायचं.

डोळे पिवळे दिसत असतील तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि बिलिरुबिनही (काविळीसाठी) बघायला सांग. पावसात तो गटाराच्या पाण्यातून फिरला असेल तर लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, आणि लेप्टो माणसाला होतो. निकाल येईपर्यंत त्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा, फरशीवर ब्लीच मारा, आणि वहिनींना आणि मुलांना लांब ठेव.

रॅपिड किट नावाचा प्रकार पुढे करतील. पैसे उरत असतील तर कर, नसतील तर सीबीसी आणि स्मिअर आधी. किट अँटिबॉडी बघतं, म्हणजे आजाराशी लढायला शरीर तयार करतं ती गोष्ट. आजाराच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती तयारच झालेली नसते, त्यामुळे निगेटिव्ह आलं म्हणून आजार नाही असं होत नाही. उलट बरा झाल्यावरही ते कित्येक महिने पॉझिटिव्ह येत राहतं. म्हणजे कोर्स संपल्यावर 'गेला का बघू' म्हणून तेच किट पुन्हा करणं म्हणजे पैसे पाण्यात. बरा झाल्याचं प्लेटलेटवरून कळतं.

एर्लिकिया ठरला तर डॉक्सीसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळा विभागून, २८ दिवस. वाघ्या वीस किलो भरला तर दिवसाला २००, म्हणजे १००च्या दोन कॅप्सूल, एकूण ५६. दहाच्या सहा पट्ट्या. डॉक्टर ठरवतील तोच डोस, हा हिशेब तुझ्या पडताळणीसाठी. डॉक्टरांना चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहायला सांग. तीच कॅप्सूल माणसांच्या केमिस्टकडे मिळते, जनऔषधी केंद्रात मिळाली तर आणखी स्वस्त. सहाही पट्ट्या एकदम घेऊन ठेव. तिसऱ्या दिवशी कुत्रा शेपटी हलवायला लागतो, पाचव्या दिवशी पट्टी संपते, आणि 'आता बराय की' म्हणून नवी आणली जात नाही. मग दोन-तीन महिन्यांनी आजार उलटतो, तेव्हा हाडांतल्या मज्जेवर गेलेला असला तर त्याला स्वस्त इलाज नाही.

कॅप्सूल जेवणानंतर दे, नाहीतर उलटी होते. जिभेच्या मागे टाकून तोंड मिटून धर, गळा चोळ, आणि लगेच सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने पाच-सहा मिली पाणी सोड. ही कॅप्सूल कोरडी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, मग कुत्रा खाणंच सोडतो आणि आपल्याला वाटतं आजार वाढला. दूध, दही, पनीर यात दडवून देऊ नकोस, कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. लोहाचं टॉनिक आणि पोटासाठी देतात ते सुक्रालफेट, दोन्ही तेच करतात. ही लिहून दिली असतील तर डॉक्सी आधी दे आणि निदान दोन तासांनी ती.

चिठ्ठी हातात आली की सरळ विचार: "डॉक्टर, माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. यातलं काय दिलं नाही तर चालेल?" लाजू नकोस. लिव्हर टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन, पपईच्या पानांचा अर्क, ही यादी बहुतेक वेळा इथेच निम्मी होते. पपईच्या पानांवर आपल्या लोकांचा डेंग्यूपासून भारी जीव आहे, पण वाघ्याच्या प्लेटलेट वाढतील त्या डॉक्सीने. स्टेरॉइड लिहिलं असेल तर का ते विचार, मनाने सुरू करू नकोस आणि मनाने बंदही करू नकोस. सलाइनसाठीच ॲडमिट करा म्हणत असतील, तर कातडीखाली रिंगर लॅक्टेट (सलाइनचाच प्रकार) देऊन घरी नेता येईल का ते विचार. उलट्या नसतील आणि तो थोडं पाणी पीत असेल तर बरेच डॉक्टर हो म्हणतात. दुसरी सीबीसी सात ते दहा दिवसांनी, तिसरी कोर्स संपल्यावर. मध्ये रोज रक्त काढायची गरज नाही.

खाण्याचं सोपं आहे. वीस किलोच्या पडून असलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन आणि दोन-सव्वादोन वाट्या मऊ भात पुरतो, चार-पाच वेळा थोडं थोडं. कोमट दे, वास आला की तोंड लावतो. कांदा-लसूण पडलेला रस्सा नको, कांद्याने तांबड्या पेशी फुटतात आणि आत्ता त्याला ते परवडणारं नाही. पाणी लिटरच्या बाटलीने मोजून वाटीत ओत. दिवसाला अन्नासकट लिटरभर गेलं पाहिजे.

आता गोचिडी. अंगावर दिसतात त्या मूठभर. बाकीच्या तुझ्या खोलीत आहेत. मादी रक्त पिऊन फुगली की अंगावरून उतरते आणि भिंतीवर चढून फटीत हजारो अंडी घालते. चाळीत त्यांची चंगळच: दाराची चौकट, पलंगाचे सांधे, कॅलेंडरमागची भिंत, पोटमाळ्याचे वासे. टॉर्च तिरपा धरून बघ, राखाडी मसुरीएवढे दाणे दिसतील. अंगावरच्या गोचिडी चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढ आणि साबणाच्या पाण्यात टाक, बोटाने चिरडू नकोस. रॉकेल, काडी, मीठ काही नको. फटीत उकळतं पाणी ओत, वाळल्यावर पांढऱ्या सिमेंटने बुजव. त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात टाक, आणि दर आठवड्याला पुन्हा तेच, कारण अंडी मागाहून फुटत राहतात. पेस्ट कंट्रोल केलंस तर वाघ्याला दिवसभर बाहेर ठेव.

अंगावर औषध डॉक्टर हो म्हणाले की लगेच लाव. मानेवर टाकायचं फिप्रोनिल महिनाभर चालतं, लावण्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. फ्लुरालेनरची चघळायची गोळी एकदम महाग वाटते, पण १२ आठवडे पुरते, महिन्यावर भागून बघ. ती वजनाच्या गटाप्रमाणे येते, वीस किलोच्या अलीकडे वेगळी आणि पलीकडे वेगळी, म्हणून काट्यावरचा आकडा इथेही लागेल. त्याला कधी फिट आली असेल तर ही गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांग. गोचिडी मारायचं पाण्यात कालवून अंगाला लावायचं औषध मात्र आत्ता नको. अशक्त कुत्रा ते चाटतो आणि आणखी लोळागोळा होतो.

पैसे तरीही कमी पडले तर चाळीत वर्गणी काढायला हरकत नाही. एस्टिमेटचा आणि केसपेपरचा फोटो टाक आणि लोकांना थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरायला सांग, हिशेबाचा वाद होत नाही. प्राण्यांच्या संस्थांना फोन करणार असशील तर एक धरून चाल, त्यांचा फुकट इलाज मुख्यतः रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी असतो. वाघ्या पाळलेला आहे हे लपवू नकोस, दर कमी करून मिळतात का तेवढं विचार. पाळीव प्राण्यांचा विमा आत्ता काढून या आजाराचे पैसे मिळणार नाहीत.

वजन, ताप आणि हिरड्यांचा रंग आज रात्रीच कळव. रिपोर्ट आला की पूर्ण पानाचा फोटो पाठव, नुसता प्लेटलेटचा आकडा नको.

तुझा,
सुध्या

ता.क. खालच्या मावशींची मांजर तुझ्या खोलीत येऊन झोपते ना? कुत्र्यासाठी म्हणून मिळणाऱ्या काही पावडरींत आणि स्प्रेत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजर त्याने आचके देऊन मरू शकते. घेण्याआधी डब्यावरचं नाव वाच, आणि परमेथ्रिन असेल तर तो डबा घेऊच नकोस.