यकृताची गाठ, प्रकाशाचा उपचार आणि उंदीर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यकृताच्या कर्करोगावर प्रकाशाने उपचार, ही आपल्या आरोग्य पानावरची बातमी वाचली. प्रयोग उंदरांवर झाला होता, हे मात्र शेवटच्या ओळीत सापडलं.

उपचारामागचं शास्त्र पक्कं आहे. शिरेतून दिलेलं औषध गाठीत साचलं, की तिच्यावर बहुधा तांबडा प्रकाश टाकतात. त्याने ते औषध जागं होतं आणि पेशीतला ऑक्सिजन इतका जहाल होतो, की पेशी मरते. अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत १९९५ सालीच याला मान्यता मिळाली. पण अन्ननलिकेत दुर्बिणीतून प्रकाश नेता येतो. यकृत रक्ताने गच्च भरलेलं, आणि रक्त प्रकाश पिऊन टाकतं. तांबडा प्रकाशसुद्धा काही मिलिमीटरच आत जातो.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. विच्छेदनाच्या तासाला उंदराचं यकृत चिमट्याने उचललं की पातळ, तपकिरी-लाल पाळ्या सुट्या होत. दोन बोटांत मावेल एवढं ते. पांढऱ्या छोट्या उंदराचं तर जेमतेम दीड ग्रॅम. माणसाचं दीड किलो! शिवाय अशा बऱ्याच प्रयोगांत यकृताच्या कर्करोगाच्या पेशी उंदराच्या कातडीखाली टोचून गाठ वाढवतात. म्हणजे ती गाठ यकृतात नसतेच; वरून प्रकाश टाकला की पोचतो. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही हॅमस्टरच्या गालातल्या गाठींवर असं काम झालं आहे. तिथेही प्रकाश सहज पोचतो. माणसाच्या यकृतात खोलवरच्या गाठीपर्यंत मात्र सुईतून प्रकाशतंतू न्यावा लागेल.

हे प्रयोग व्हायलाच हवेत. माझी काळजी वेगळी आहे. आमच्या लोकमान्य नगरातल्या एका वहिनींच्या यजमानांना शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, आणि बातमीचं कात्रण घेऊन त्या विचारायला आल्या, "थोडं थांबलो तर?" गाठ लहान असताना ती कापून किंवा उष्णतेने जाळून काढता येते, थांबण्यात ती संधी हातची जाते. तारीख अजिबात पुढे ढकलू नका, शंका असेल ती डॉक्टरांनाच विचारा, असं मी त्यांना निक्षून सांगितलं.

तेव्हा अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा मथळ्यातच प्राण्याचं नाव घाला. गाठ शरीरात कुठे होती आणि प्रकाश तिथवर कसा नेला, हे पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
लोकमान्य नगर, इंदूर