हवा काढायचं मशीन आणि आपली साठवण

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारपर्यंत कुरिअरनं एक खोकं घरी येईल. त्यात हातात धरायचं, चार्जिंगवर चालणारं हवा काढायचं मशीन आहे. दुकानात त्याला व्हॅक्यूम सीलर म्हणतात. सोबत व्हॉल्व्ह असलेल्या झिपच्या पिशव्या आणि तसल्याच झाकणाचे तीन डबे आहेत. ते का पाठवते आहे आणि कसं वापरायचं, हे फोनवर धड सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आई, घरात सहा माणसं होती तेव्हाच्याच मापानं तू अजून डबे भरतेस. जवसाची चटणी, तिळाची चटणी, दाण्याचा कूट, वर्षाचं तिखट, गरम मसाला, सारंच. आता खाणारे तुम्ही दोघं, तेही बेतानं. डबा संपायच्या आत चटणीला खवट वास येतो, आणि तू ‘एवढ्यानं काही होत नाही’ म्हणत ती आपल्याच पानात वाढून घेतेस. मला ते पाहवत नाही. कमी कर असं मी म्हणणार नाही. ते सगळं करण्यात तुझा जीव आहे, हे मला माहीत आहे. केलेलं टिकावं, एवढंच मला हवं आहे.

खवटपणा येतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. जवस, तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं यांत तेल भरपूर. दाणा अख्खा आहे तोवर तेल आत झाकलेलं असतं. कुटलं की उघडं पडतं आणि हवा लागून बिघडायला लागतं. त्यातही जवसाचं तेल फार लवकर. मोठ्या डब्यात अर्धी चटणी उरली की उरलेला अर्धा डबा हवेनं भरलेला असतो, आणि रोज झाकण काढलं की ताजी हवा आत जाते. म्हणून आठवड्याला पुरेल एवढीच एकेका पिशवीत भर आणि हवा काढून टाक. एक पिशवी वापरात, बाकीच्या बंद. जवसाच्या आणि दाण्याच्या पिशव्या फ्रीजमध्येच ठेव. मे अखेरच्या नवतप्यात आपल्याकडे पंचेचाळीस अंशांच्या वर पारा जातो, तेव्हा हवा काढली तरी बाहेर ठेवलेलं तेल बिघडणारच.

भिवापुरी मिरचीच्या तिखटाचंही तेच. रंग उडतो तो हवेनं, उजेडानं आणि उष्णतेनं. पिशव्या पारदर्शक आहेत, त्यामुळे त्या खालच्या बंद कपाटात राहू देत, खिडकीजवळच्या फळीवर नको.

वापरायला सोपं आहे. पिशवीवर एक गोल व्हॉल्व्ह दिसेल. पिशवी ओट्यावर आडवी ठेवायची, व्हॉल्व्ह वर. झिपच्या खाली चार बोटं जागा रिकामी सोडायची. झिप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा दाबायची; तिखटाचा एक कण जरी तिच्यात अडकला तरी हवा परत शिरते, म्हणून आधी कोरड्या फडक्यानं पुसून घे. मग मशीनचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ टेकवून बटण दाबायचं. पिशवी आतल्या जिनसाला घट्ट चिकटली की थांबायचं. तिखट, मसाला, कूट असलं बारीक काही असेल तर व्हॉल्व्हच्या खाली, पिशवीच्या आत, कागदी रुमालाचा तुकडा ठेव. नाहीतर पूड मशीनमध्ये ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पिशवी हातात घेऊन पाहा. सैल पडली असेल तर झिप पुन्हा पुसून हवा काढ, आणि तरीही सैलच होत असेल तर ती पिशवी साध्या कामाला वापर. आई, संधिवातानं तुझी बोटं आखडतात. झिप दाबायचं काम बाबांकडे दे.

कुरड्या, पापड, सरगुंडे पिशवीत घालू नकोस. हवा काढली की त्यांचा चुरा होतो, आणि कुरडईची टोकं पिशवीला भोकं पाडतात. चिवडाही तसाच. ते तीन डबे मी याच्यासाठीच घेतले आहेत: मशीन झाकणावर टेकवायचं, डब्यातली हवा निघते आणि आतलं जसंच्या तसं राहतं. पावसाळ्यात सादळणं यानं बरंच थांबेल.

तांदूळ मात्र याच्यात आणू नका. बाबा, एचएमटीचं पोतं घरी आलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात तो वाण कसा निवडून काढला, हे तुम्ही दर वेळी सांगता. तो तांदूळ कोठीत, एरंडेल लावून, वर्षानुवर्षं नीट राहिला आहे. तसाच राहू द्या. रवा आणि बेसन मात्र घ्या. त्यांत किड्यांची अंडी आधीपासून असू शकतात आणि हातातल्या मशीननं सगळी हवा निघत नाही, म्हणून पिशवी बंद करून आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची. बाहेर काढल्यावर तिचा गारठा पूर्ण जाईपर्यंत ती उघडायची नाही, नाहीतर आत पाणी सुटतं.

आता पुढचं दोघांनीही नीट वाचा. हवा काढली म्हणजे अन्न टिकलं, असं नाही. कोरड्या जिनसांचं ठीक आहे. ओलं, शिजवलेलं, सोललेलं काहीही हवा काढून बाहेर ठेवायचं नाही. मातीत काही जंतू असे असतात की त्यांना वाढायला हवा नसलेलीच जागा लागते. त्यातल्या एकाच्या विषानं बॉट्युलिझम होतो. त्यात अंगातले स्नायू लुळे पडतात, श्वास अडतो आणि माणूस दगावू शकतो. या जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. आणि आई, त्या अन्नाला वास येईलच असं नाही. ज्या जंतूंमुळे अन्नाला वास सुटतो ते हवा काढल्यावर मागे पडतात आणि हे पुढे जातात. तू जन्मभर नाकानं अन्न पारखलंस आणि तुझं नाक कधी चुकलं नाही, पण या पिशवीपुढे त्याचा इलाज नाही.

म्हणून तू आठवडाभराचा लसूण सोलून ठेवतेस, तो यात घालू नकोस. तो नेहमीच्या डब्यात, फ्रीजमध्ये, थोडाच. खोबऱ्या-कांद्याचं वाटण पूर्ण गार करून पिशवीत भर आणि थेट फ्रीझरमध्ये ठेव. रस्सा असेल तर आधी डब्यात गोठवून घे आणि मग ती वडी पिशवीत घाल. पातळ पदार्थ मशीननं ओढला तर मशीन जातं. मटणाचंही तसंच, एका वेळेपुरतं सपाट थापून. फ्रीझरमधून काढलेलं फ्रीजमध्ये विरघळू दे, ओट्यावर नको. कच्च्या मटणाची पिशवी धुऊन परत वापरायची नाही, टाकून दे. बाकीच्या उलट्या करून धुवायच्या आणि पूर्ण वाळवायच्या. संत्री, फुलकोबी, पत्ताकोबी, सांभार (कोथिंबीर) यांना मोकळी हवा लागते, ती बंद करू नका.

उन्हाळ्यात वादळ आलं की लाइन जाते. फ्रीजचं दार उघडू नका. चार तासांपर्यंत निभतं. त्यापेक्षा जास्त गेली तर फ्रीजमधलं शिजवलेलं आणि मटण टाकून द्या, हळहळ करू नका.

बाबा, तुमचं अक्षर सुंदर आहे. पिशवी भरायच्या आधी तिच्यावर आत काय आणि कोणत्या तारखेचं, हे मार्करनं लिहायचं काम तुमचं. आधी केलेलं आधी संपवायचं, हे बघायचंही तुम्हीच.

आणि हे सगळं खालच्या दोन कपाटांत मावतं, बाबा. मोठे डबे नाहीत म्हणजे माळाही नाही. दोन्ही गुडघे दुखत असताना तुम्ही अजून स्टुलावर चढून पितळी डबे उतरवता, हे आईनं मला सांगितलं तेव्हापासून मला झोप नाही. तुमच्या त्या एका पायरीपेक्षा जगातली कुठलीही चटणी मला मोठी नाही. वर जे आहे ते वरच राहू द्या.

मी मार्चमध्ये येते आहे. डबे मी उतरवीन. आई, मिरची येईल तेव्हा देठ खुडायला मी असेन. सगळी एकदम कांडपाला देऊ नकोस; अर्धी कांडू आणि अर्धी अख्खीच, वाळवून, पिशव्यांत भरून ठेवू. अख्खी जास्त टिकते. ती पावसाळ्यानंतर काढता येईल.

खोकं आल्यावर चार्ज लावून ठेवा आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करा. पहिली पिशवी आपण मिळून करू, जवसाची.

तुमची,
लेक