टायरचे माप शिकवणाऱ्या काकांस

नाशिक

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या दुकानातून मी चार टायर बसवून नेले, त्याला आता तीन महिने झाले. त्या दिवशी मुलांच्या शाळेची वेळ झाली होती, त्यामुळे घाईघाईत ‘थँक्यू काका’ एवढेच म्हणून निघाले. आपण माझ्यासाठी जे केले त्याला ते दोन शब्द पुरेसे नव्हते, ही रुखरुख तेव्हापासून मनात आहे. हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण हौसेने आलॉय व्हील घेतल्यावर त्यावर नेमका कोणता टायर चढवावा या प्रश्नाशी अडलेले माझ्यासारखे पुष्कळ जण असतील आणि आपण मला जे शिकवले ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

माझ्या गाडीचे मूळ टायर १८५/६५ आर१५ या मापाचे. गेल्या उन्हाळ्यात मी १६ इंची आलॉय घेतले. ती हौस मला आजही चुकीची वाटत नाही. ज्या दुकानातून ते घेतले तेथे ‘आपल्याकडचे रस्ते असे, टायर जरा भरलेला असू द्या’ असे सांगून २०५/६० आर१६ चे टायर बसवून देण्यात आले. गाडी उंच आणि रुबाबदार दिसू लागली, परंतु पावसाळा लागताच वळणावर पुढच्या चाकाकडून खरखर ऐकू येऊ लागली. वणीच्या घाटात मागच्या सीटवर सासूबाई, सासरे व धाकटा मुलगा आणि डिकीत सामान असताना चाक खड्ड्यात गेले की मागूनही तोच आवाज येई. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरे. दोनदा बॅलन्सिंग करूनही ते थांबले नाही. मुंबईहून परतताना कसारा घाटात पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसरा गिअर मागू लागली आणि मायलेज तर सरळसरळ घटलेले दिसे. दोन ठिकाणी दाखवले. दोन्हीकडे एकच उपाय सुचवला गेला, की जिथे घासते तेवढे आतले प्लास्टिक कापून टाकू.

आपण मात्र आधी खडू मागवला. पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे नक्षी संपते आणि भिंत सुरू होते त्या कडेवर, आपण पांढरा खडू जाड घासलात, दुकानातल्या दोन मुलांना मागे बसवलेत आणि मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत गाडी समोरच्या गतिरोधकावरून न्यायला सांगितलेत. परत आल्यावर टॉर्च लावून आपण मला मडगार्डच्या आत वाकून पाहायला लावले. काळ्या प्लास्टिकवर तळहाताएवढा भाग घासून गुळगुळीत झाला होता, त्यावर आमच्या खडूचा पांढरा पट्टा उमटला होता आणि त्याखाली रबराचा बारीक भुगा साचला होता. माझे यजमान शेजारीच उभे होते, तरी आपण सगळे मला समजावून सांगत होता, कारण गाडी मी चालवते हे आपल्या लक्षात आले होते. या गोष्टीचे मला फार अप्रूप वाटले, ते येथे नोंदवून ठेवते.

त्यानंतर एका जुन्या बिलाच्या पाठीवर आपण जो हिशेब मांडलात, तो कागद मी अजून गाडीत जपून ठेवला आहे. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, पण ६५ ही उंची नव्हे, ते त्या रुंदीचे टक्के आहेत, हे मला इतकी वर्षे गाडी चालवूनही ठाऊक नव्हते. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, ही टायरची भिंत. ती रिमच्या वरही येते आणि खालीही, म्हणून दुप्पट, २४०.५, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की पूर्ण चाकाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. याच रीतीने २०५/६० आर१६ चा व्यास ६५२.४ निघाला, म्हणजे जवळपास ३१ मिलिमीटर जास्त, म्हणजेच ५ टक्के. आपले वाक्य मला जसेच्या तसे आठवते: “ताई, रिम किती इंची लावली ते गाडीला कळत नाही. तिला बाहेरचा घेर कळतो.”

त्या एका आकड्याने माझ्या बहुतेक तक्रारी उलगडल्या. चाक एका फेरीत जवळपास ९७ मिलिमीटर जास्त पुढे जात होते, पण मीटर जुन्याच घेराने मोजत होता. त्यामुळे काटा ८० दाखवी तेव्हा वेग पूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी जास्त असे आणि नोंदलेल्या दर १०० किलोमीटरमागे प्रत्यक्षात ५ किलोमीटर जास्त धाव होत असे. घटलेल्या मायलेजपैकी बराच भाग या मोजणीतला होता. घाटात गाडी दमत होती, तेही घेर वाढल्याने प्रत्येक गिअर जणू थोडा वरचा झाल्यामुळेच.

मग आपण १९५/५५ आर१६ चा हिशेब केलात. व्यास आला ६२०.९, म्हणजे मूळ मापाशी फरक अवघा ०.६ मिलिमीटर. व्यासात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात, असे आपण सांगितलेत. २०५/५५ चा फरक दोन टक्क्यांच्याही आत होता, तरीही आपण त्याला नकार दिलात. माझ्या मूळ रिम ६जे, म्हणजे ६ इंच रुंदीच्या आणि ईटी४५ ऑफसेटच्या (ऑफसेट किंवा ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या भागापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर), तर नव्या ६.५जे आणि ईटी३८ च्या. ऑफसेट कमी झाल्याने रिम ७ मिलिमीटर बाहेर आली, रुंदी वाढल्याने आणखी सहा-साडेसहा, मिळून बाहेरची कड १३ मिलिमीटर पुढे सरकली. जागा आधीच आक्रसलेली असताना भरल्या गाडीत आणखी रुंद आणि उंच टायर नको, हा आपला निर्णय मला पूर्णपणे पटला.

परंतु ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे ती पुढेच घडली. १९५/५५ आर१६ चे चार टायर आपल्या मांडणीवर होते, मी पैसे काढत होते आणि आपण टायरच्या भिंतीवरच्या ८७ या आकड्यावर बोट ठेवून म्हणालात की हे तुम्हाला देणार नाही. माझ्या मूळ टायरवर ८८एच असे होते. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो वजन झेपते आणि ८७ म्हणजे ५४५. फरक १५ किलोचाच, शिवाय वेगमर्यादेचे अक्षर तर एचच्या वरचे, व्ही होते. एचची मर्यादा ताशी २१० किलोमीटर, व्हीची २४०. दुसऱ्या कोणी तेवढ्यावर माल खपवला असता. ‘कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली मी उतरत नाही, तुम्ही माणसे भरून घाट चढता,’ असे सांगून आपण ९१ चे एक्सएल, म्हणजे जादा वजन पेलणारे टायर मागवलेत, ज्यांची क्षमता ६१५ किलो आहे, आणि मला चार दिवस थांबायला लावलेत. एक्सएल टायरची पूर्ण ताकद जास्त हवेवरच मिळते, म्हणून दाराच्या खांबावरच्या पट्टीत दिलेल्या दाबापेक्षा ३ पीएसआय जास्त भरायला सांगितलेत. टायर आल्यावर भिंतीवरचे शेवटचे चार अंक, म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष, माझ्याकडून वाचून घेतलेत, आणि मगच ते मशीनवर चढले.

थरथरीचे कारण वेगळेच निघाले. आलॉयचे मधले भोक हबपेक्षा, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसते त्यापेक्षा, मोठे होते आणि चाक केवळ नटांवर तोलले गेले होते. आपण ती फट भरणाऱ्या हब रिंग बसवल्यात, नट ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळलेत आणि शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायला बोलावलेत. त्याचे पैसे घेतले नाहीत.

माझ्या मोठ्या मुलाला १७ इंची हवे होते. त्याला आपण रागावला नाहीत. २०५/४५ आर१७ चा व्यासही जुळतो हे मान्य करून, त्याची भिंत ९२ मिलिमीटरच उरते, मूळची १२० होती आणि आताची १०७ आहे, एवढे त्याला स्केल धरून दाखवलेत. पावसाळ्यातला खड्डा आणि रिम यांच्यामध्ये तेवढेच रबर असते, हे त्याच्या लगेच ध्यानात आले.

गेल्या महिन्यात समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाताना इगतपुरीच्या पुढे मागचे एक चाक पंक्चर झाले. डिकीतली स्टेपनी जुनीच, १५ इंची. घेर जुळत असल्याने ती निर्धास्त लावता आली. पूर्वीच्या टायरांसोबत ती ३१ मिलिमीटर बुटकी ठरली असती. स्टीलच्या रिमला लागणारे जुने नट आपण पिशवीत बांधून डिकीत ठेवायला लावले होते, ते तेव्हा सापडले. रस्त्याच्या कडेला उभी असताना मला आपलीच आठवण झाली.

टायर आता साडेचार हजार किलोमीटर चालले आहेत, कुठेही घासलेले नाहीत. आठ हजारांवर रोटेशनला, म्हणजे टायरांच्या जागा आपसांत बदलायला, यायला सांगितले आहे, त्याप्रमाणे येईन. येताना नणंदेला घेऊन येते. तिनेही आलॉय पाहून ठेवले आहेत आणि आधी काकांना रिमचा ईटी विचारू, असे तीच म्हणाली.

आपली कृतज्ञ,
इंदिरानगरची एक ग्राहक