केरचे पाच गोल आणि आपली मैदाने

महिला फुटबॉलच्या आशिया चषकात २१ जानेवारी २०२२ रोजी अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा १८-० असा धुव्वा उडवला. पाच गोल करणारी सॅम केर त्या दिवशी ऑस्ट्रेलियाची सर्वाधिक गोल करणारी फुटबॉलपटू ठरली. पुरुष संघाच्या टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मागे पडला. तिचे वडील कोलकात्यात जन्मलेले, आजी भारतीय. इतका मोठा विक्रम आपल्या दाराशी झाला, पण करोनाच्या धास्तीत मुंबईला त्याचे अप्रूपच वाटले नाही, याची खंत वाटते.

मला मोलाचे वाटते ते तिचे बालपण. ती आधी ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा लंबगोल चेंडूचा, हातापायांनी खेळायचा तिथला खेळ खेळायची. मुलगी म्हणून तिथली वाट बंद झाली, तेव्हा बाराव्या वर्षी ती फुटबॉलकडे वळली आणि पंधराव्या वर्षी देशाकडून खेळली! पुढे इंग्लंडच्या चेल्सी क्लबकडून लीगची विजेतीपदे आलीच. आपल्याकडे नेमक्या याच वयात कितीतरी मुलींचे खेळणे सुटते. संध्याकाळी मैदानात पाहावे तर सगळीकडे मुलांचे क्रिकेट. महापालिकेने प्रत्येक विभागातील एका मैदानावर आठवड्यातून निदान दोन संध्याकाळची वेळ मुलींच्या फुटबॉलसाठी राखून ठेवावी. पुरेसे दिवे आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृहही तिथे हवे.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, अंधेरी